दारापासून बोडीपर्यंत पोर्तुगीज

माझा भाचा दिघोरीत राहतो आणि दिवाळीच्या सुट्टीत दिघोरीला येतो.

थांबा, छापताना काही चुकलेलं नाही. तो राहतो ती दिघोरी नागपूर शहरातली. तिथे उड्डाणपूल आहे, सिग्नल आहेत, हॉर्न आहेत. आणि तो येतो ती दिघोरी भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली. इथे धानाच्या बांध्या आहेत, तलाव आहेत, बोड्या आहेत आणि दिवाळी झाली की मंडईची जत्रा आणि रात्र रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटकं आहेत. बोडी म्हणजे काय ते ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मोठा तो तलाव, धाकटी ती बोडी. आमच्या दिघोरीला लोक 'दिघोरी मोठी' म्हणतात. नागपूरची दिघोरी आता तिच्या कितीतरी पट पसरली आहे, पण मोठी ती आमचीच. एकदा पडलेलं नाव कोण बदलणार?

गंमत बघा, नाव एकच असूनही भाच्याच्या डोक्यात दोन दिघोऱ्या कधी एकमेकींत मिसळत नाहीत. का मिसळत नाहीत ते पुढे येईलच.

यंदा तो आला तो पिवळी जर्सी घालून. ब्राझीलची. सातवीत आहे आणि फुटबॉलचं असं वेड की जेवताना पायाखाली चेंडू. पिशवीतून फटाके निघतील म्हणून मी बघतोय, तर निघाली एक वही. वहीवर लिहिलेलं : पोर्तुगीज.

"हे काय रे?"

"मामा, नेमार ब्राझीलचा आणि रोनाल्डो पोर्तुगालचा. देश दोन, मध्ये अख्खा समुद्र, पण दोघांची भाषा एकच, पोर्तुगीज. मला त्यांच्या मुलाखती खालच्या पट्ट्या न वाचता समजल्या पाहिजेत."

हेतू एकदम शुद्ध. पण वहीत काय होतं? प्रत्येक क्रियापद वीस-वीस वेळा लिहिलेलं. फालार म्हणजे बोलणे, फालार म्हणजे बोलणे, फालार म्हणजे बोलणे. अशी बारा क्रियापदं. रात्री जेवण झाल्यावर विचारली, तर चार आली. त्यातही खाणे आणि पिणे यांची अदलाबदल. ब्राझीलमध्ये हा पाणी खाणार आणि भात पिणार!

मी म्हटलं, "वही मिट. मला सांग, आजीच्या घरात शिरताना पहिल्यांदा काय लागतं?"

"फाटकाचं दार."

"मग?"

"अंगण. डाव्या हाताला गोठा, मधे तुळस. मग सपरी (म्हणजे ओसरी). सपरीत खुंटीवर नांगराचा फाळ टांगलाय. आत रांधणीची खोली, चुलीच्या बाजूला पाण्याचा रांजण. त्याच्या मागे आजीची खोली, तिथे बाज आहे आणि खिडकी. मागच्या दारानं निघालं की न्हाणी, आणि खाली उतरलं की बोडी."

एका दमात. एकही चूक नाही.

"हे सगळं तू कधी पाठ केलंस? वीस वेळा लिहून काढलं होतंस का?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मामाच्या डोक्यावर काही परिणाम झालाय. "घर कुणी पाठ करतं का?"

नाही ना करत! आणि तरीही ते पाठ असतं. तुम्हीही डोळे मिटा आणि तुमच्या आजोळच्या घरात एक चक्कर मारून या. साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो? मोरीचा दिवा कुठल्या बाजूला? सगळं दिसतं की नाही? मेंदूला शब्द ध्यानात ठेवायला कष्ट पडतात, जागा ध्यानात ठेवायला पडत नाहीत. मग शब्दांनाच जागेवर नेऊन बसवलं तर?

ही युक्ती माझी नाही. ती अडीच हजार वर्षं जुनी आहे आणि तिची जन्मकथा जरा भीतीदायक आहे. ग्रीस देशात सिमोनिडीस नावाचा कवी होता. एका श्रीमंत माणसाच्या मेजवानीत त्यानं कविता म्हटली. थोड्या वेळानं निरोप आला, बाहेर तुम्हाला कुणी भेटायला आलंय. तो बाहेर गेला आणि मागे दिवाणखान्याचं छतच कोसळलं. आतली माणसं ओळखू येईनात. नातेवाईक रडत होते, कोण कुठला काही कळेना. सिमोनिडीसनं डोळे मिटले आणि मेजाभोवती मनातल्या मनात फिरला. इथे अमुक बसला होता, त्याच्या शेजारी तमुक. जागेवरून त्यानं एकेकाला ओळखून दिलं. आणि त्याला कळलं की जागा धरली की माणूस आठवतो. ही गोष्ट रोमचा मोठा वक्ता सिसेरो यानं लिहून ठेवली आहे. पुढे रोममधले वक्ते तास तास भाषणं करायचे ती याच युक्तीवर. मनातल्या इमारतीत खोलीखोलीतून फिरायचं आणि जिथे जो मुद्दा ठेवला असेल तो उचलायचा. या मनातल्या इमारतीला स्मृतिमहाल म्हणतात.

आमच्याकडे महाल नव्हता. कवेलूचं घर होतं. चालतं.

पण आधी पोर्तुगीज क्रियापदांचा एक नियम सांगायला हवा, कारण तो घराच्या फार उपयोगी पडला. या भाषेतली जवळपास सगळी क्रियापदं तीन घराण्यांतली. कुणाच्या शेवटी 'आर', कुणाच्या शेवटी 'एर', कुणाच्या शेवटी 'ईर'. फालार बोलणे, कोमेर खाणे, आब्रीर उघडणे. रूप कसं चालवायचं ते घराण्यावर ठरतं. आम्ही घराचे तीन भाग केले. अंगण, गोठा, सपरी, न्हाणी, बोडी हा सगळा बाहेरचा भाग 'आर'वाल्यांना दिला. रांधणी 'एर'वाल्यांची. आणि मागची आजीची खोली 'ईर'वाल्यांची. म्हणजे शब्द कुठे सापडला यावरूनच त्याचं घराणं कळणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापासून सुरुवात केली. पहिल्याच पावलाला लॉटरी लागली. पोर्तुगीजमध्ये 'देणे' याला शब्द आहे 'दार'! आता दारात आजी काय करते? आलेल्याच्या झोळीत सुपानं धान घालते. दारात देतात. संपलं, हे चित्र काढावंसुद्धा लागलं नाही.

गोठ्यात दिवसाही अंधार असतो. 'आंदार' म्हणजे चालणे. भाचा म्हणाला, "अंधारात गाईऐवजी धानाची कोठीच चालून राहिली आहे, धप धप धप." त्या दिवसापासून तो एकटा गोठ्यात गेला नाही ही गोष्ट वेगळी. तुळशीपाशी 'कांतार', म्हणजे गाणे. 'कांतारा' सिनेमा पाहिलेल्याला काय सांगायचं! तो अंगभर रंग लावलेला माणूस आमच्या तुळशीपुढे उभा राहून आरती म्हणतोय, आणि अधूनमधून आरोळी ठोकतोय. सपरीत खुंटीवरचा फाळ तोंड उघडून बोलतो, "कारे, पेरणी झाली का?" म्हणून फालार.

रांधणीत गेलो. 'कोमेर', खाणे. चुलीपुढे पाटावर कोंबडा बसलाय, मांडी घालून, आणि पाचही बोटांनी (कोंबड्याला पाच बोटं कुठून आली विचारू नका) वरणभात कालवून खातोय. 'बेबेर', पिणे. बकरीनं रांजणात पुढचे दोन पाय आणि डोकं घातलंय, आतून घुमणारा आवाज येतोय, 'बें-बें', आणि पाणी पीत पीत ती हळूहळू आत घसरते आहे.

मागच्या खोलीतली बाज काथ्याच्या दोरीनं विणलेली. 'दोर्मीर' म्हणजे झोपणे. दोर बाजेवर आडवा पडून घोरतोय आणि त्याच्या नाकात मिरची. दोर आणि मिर. खिडकीशी 'आब्रीर'. उघडणे. "मी उघडतो" म्हणायचं असेल तर 'आब्रु'. इथे मी काही चित्र सुचवणार, तेवढ्यात भाचा ओरडला, "मामा टॉवेल गुंडाळून उभा आहे, वाऱ्यानं खिडकी उघडली, आणि अब्रू गेली!"

हे चित्र मला मुळीच आवडलेलं नाही. पण कबूल करतो, ते सगळ्यात पक्कं बसलं.

न्हाणीत आजी भाच्याला दटावते, "साबण लाव रे!" म्हणून 'लावार', धुणे. आणि बोडीत 'नादार', पोहणे. त्यात नदी ऐकू येते तेवढं पुरे झालं. (हे सगळे उच्चार ढोबळ आहेत हं. पोर्तुगालमधल्या लिस्बनची माणसं मधले स्वर गिळतात, त्यामुळे तिथे कोमेरचं कुमेर होतं. ब्राझीलच्या रिओ शहरात शेवटचा 'र' विरून 'ह'सारखा होतो.)

चित्रं अशी वेडगळच का करायची? कारण शहाणी चित्रं विसरतात. सकाळी अंगणात किती चिमण्या होत्या ते तुम्हाला आठवणार नाही, पण कोंबडा पाटावर बसून जेवत असता तर जन्मभर सांगत सुटला असता. चित्रात दोन गोष्टी मात्र हव्यात, शब्दाचा आवाज आणि शब्दाचा अर्थ. नुसता बोलणारा पोपट काढून भागणार नाही, बोलायला फाळच पाहिजे. ॲटकिन्सन आणि रॉ नावाच्या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1975 साली याच रीतीनं 120 रशियन शब्द शिकवून पाहिले. एका गटाला आवाज-चित्राची जोडी दिली, दुसऱ्याला सांगितलं, तुमच्या पद्धतीनं पाठ करा. परीक्षा घेतली तेव्हा पहिल्या गटाला शंभरातले 72 शब्द येत होते, दुसऱ्याला 46.

आमची परीक्षा संध्याकाळी झाली. वही नाही, पेन नाही. भाचा बाजेवर डोळे मिटून बसला आणि फाटकातून आत शिरला. ओठ हलत होते. मध्येच हसला, म्हणजे तो कोंबड्यापाशी पोचला होता. दहापैकी दहा. मग मी म्हटलं, उलटं ये. बोडीकडून निघून फाटकापर्यंत. तेही आलं! घोकलेला पाढा उलटा म्हणून बघा, मग कळेल यात काय विशेष आहे ते. रस्ता कुठूनही चालता येतो.

आता दोन दिघोऱ्यांचं कोडं. तुमच्या कानांच्या पातळीवर, मेंदूच्या आत खोल, दोन्ही बाजूंना एकेक वळलेला भाग असतो. तो दिसतो समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्याचं नाव हिप्पोकॅम्पस, जुन्या ग्रीक भाषेतला समुद्रघोडा. जॉन ओकीफ या शास्त्रज्ञाला 1971 साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अजब पेशी सापडल्या. उंदीर पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात गेला की एक पेशी टकटक करायची, दुसऱ्या कोपऱ्यात गेला की दुसरी. पहिली गप्प. म्हणजे प्रत्येक पेशी आपापली जागा राखून बसलेली! जागा बदलली, पिंजरा बदलला, की पेशींची जुळणीही बदलते. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या जोडीनं जवळच्याच भागात नकाशाच्या चौकटी आखणाऱ्या पेशी शोधल्या. तिघांना मिळून 2014 सालचं नोबेल मिळालं. भाच्याच्या डोक्यात दोन दिघोऱ्यांचे दोन नकाशे आहेत, नावाची पाटी सारखी असली म्हणून काय झालं.

लंडनमधल्या टॅक्सीवाल्यांना परवाना मिळवायचा तर शहरातले सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ करावे लागतात. 2000 साली एलिनॉर मॅग्वायर यांनी या टॅक्सीवाल्यांचे मेंदू तपासले. समुद्रघोड्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि जितकी वर्षं गाडी चालवली तितका जास्त मोठा. मग त्यांनी जागतिक स्मृतिस्पर्धांतल्या पटाईत मंडळींना तपासलं. सगळ्यांना वाटलं होतं, यांची बुद्धीच अचाट असणार. तर तसं काही नव्हतं. त्यांचे मेंदू चारचौघांसारखेच. फरक एवढाच की आठवताना ते मेंदूचा वाट शोधणारा भाग कामाला लावत होते. म्हणजे मनातल्या मनात घरभर फिरत होते!

2017 साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साध्या माणसांना 72 शब्दांची यादी दिली, तर सरासरी 26 आठवायचे. त्यांना रोज अर्धा तास, 40 दिवस स्मृतिमहालाचा सराव दिला. मग 62 आठवायला लागले. हे वाचून भाच्यानं चाळीस दिवसांचं वेळापत्रक आखलं. त्यात गणिताला जागा उरली नाही म्हणून ते त्याच्या आईनं फाडलं.

रूपं चालवायची म्हणजे काय ते अजून राहिलंच. मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात, हे सगळं पोर्तुगीजमध्येही बदलतं. फालु, फालास, फाला, फालामुस, फालांव. भाचा वैतागला, "एकाच बोलण्याचे इतके प्रकार?" मी म्हटलं, "तू आत्ता मराठीत काय करतोस? मी बोलतो, पण ताई म्हणते मी बोलते. पोर्तुगीजमध्ये मुलगा असो की मुलगी, फालु ते फालुच. तुला अवघड भाषा आधीच येते." तिन्ही घराण्यांत 'मी' आला की शेवटी 'उ' येतो. फालु, कोमु, आब्रु. आणि 'आम्ही' म्हटलं की खोली आपलं नाव सांगून टाकते. सपरीत फालामुस, रांधणीत कोमेमुस, मागच्या खोलीत आब्रीमुस. हे चालवायला त्यानं प्रत्येक जागी घरची माणसं उभी केली. स्वतः उंबऱ्यावर, समोर आजी, मागे सगळा गोतावळा.

काही क्रियापदं मात्र कुठल्याच खोलीत नीट बसत नाहीत. दार, म्हणजे देणे, हेच तसलं. 'मी देतो' म्हणताना ते 'दो' होतं. आणि 'ईर', म्हणजे जाणे, हा तर सगळ्यात मोठा भामटा. मी जातो म्हणजे 'वो', मी गेलो म्हणजे 'फुइ'. ईर कुठे, वो कुठे, फुइ कुठे! एकाच्या कपड्यात तीन माणसं. खरंच तीन आहेत. लॅटिन भाषेतली तीन वेगळी क्रियापदं पोर्तुगीजमध्ये एकत्र राहायला आली. आपल्याकडेही असंच आहे, आपलं लक्ष जात नाही इतकंच. जा, जातो, जाईल, आणि मग एकदम 'गेलो'! 'जा' आला संस्कृत 'या' धातूतून आणि 'गेला' आला 'गत'मधून.

आणि ऐका, फुइचा आणखी एक अर्थ आहे : मी होतो. भाचा विचारात पडला. "म्हणजे मामा, मी होतो म्हणजेच मी गेलो?" याचं उत्तर मी मोठ्या माणसांच्या मासिकासाठी राखून ठेवलं.

'असणे' याला तिकडे शब्द दोन, सेर आणि इश्तार. ब्राझीलमध्ये त्या दुसऱ्याचा उच्चार इस्तार. मूळचं आहे ते सेर, आत्तापुरतं आहे ते इस्तार. आंबा जातीनंच हिरवा असेल तर सेर, आणि अजून पिकला नाही म्हणून हिरवा असेल तर इस्तार. इस्तारचं मूळ 'उभं राहणे'. आपल्या स्थान, स्थिती, स्थिर या शब्दांतला 'स्था' तो हाच, फार लांबचा चुलतभाऊ. तसाच 'दार'मधला दा आणि आपल्या देण्यातला, दानातला दाही. दारात लॉटरी लागली म्हणालो खरा, पण तिकीट हजारो वर्षांपूर्वी काढलेलं होतं. युरोपातल्या बऱ्याच भाषा आणि आपली मराठी एकाच आजीची नातवंडं आहेत.

या सगळ्यात एक माणूस मला फार आवडतो. मात्तेओ रिच्ची. मूळचा इटलीचा, धर्मप्रसारक. 1578 साली लिस्बनहून जहाजात बसून आपल्या गोव्यात उतरला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं, ते 1510 पासून 1961 पर्यंत टिकलं. काही वर्षं गोवा आणि कोचीनमध्ये काढून रिच्ची 1582 साली मकावला, म्हणजे चीनच्या दारात पोचला. पुढे चीनमध्ये त्यानं आणि त्याच्या सोबत्यानं पोर्तुगीज शब्दांचा चिनी अर्थ देणारा कोश रचला. रिच्चीला स्मृतिमहालाची विद्या अशी येत होती की चिनी अक्षरांची लांबलचक यादी एकदा वाचून तो सुलटी आणि उलटी म्हणून दाखवायचा. 1596 साली त्यानं या विद्येवर चिनी भाषेत पुस्तकच लिहिलं, तिथल्या एका प्रांताच्या सुभेदाराच्या तीन मुलांसाठी. त्यांना मोठ्या सरकारी परीक्षा द्यायच्या होत्या. थोरल्या मुलानं पुस्तक वाचलं आणि म्हणाला, रीत उत्तम आहे, पण ती वापरायला आधी स्मरणशक्ती चांगली पाहिजे!

त्या मुलाचं म्हणणं मला थोडं पटतं. एकेका शब्दाला चित्र शोधायला वेळ लागतो. आमच्या दहा शब्दांना अख्खी सकाळ गेली. आणि समजा रोनाल्डो समोर आला, तर त्याला "थांबा, मी जरा गोठ्यातून जाऊन येतो" असं सांगणार का? बोलायला जीभ वळावी लागते, त्यासाठी ऐकणं आणि पुन्हा पुन्हा म्हणणं याला पर्याय नाही. आपल्याकडे पूर्वी संध्याकाळी पोरं एका ठेक्यात पावकी, निमकी म्हणायची, ती विद्या कानाची होती आणि तीही खरीच. घर हे फक्त शब्द ठेवायची जागा. तिथून काढून ते वापरात आणले की हळूहळू कोंबडा, बकरी, टॉवेलमधला मामा सगळे आपोआप पुसट होतात. निदान मामा व्हावा.

तिसऱ्या दिवशी भाच्यानं विचारलं, "आजीच्या घरात आपण पोर्तुगीज आणायच्या आधी काहीच पोर्तुगीज नव्हतं ना?"

नव्हतं कसं? आजीच्या कमरेला काय लटकतंय? चावी. पोर्तुगीज शब्द. भाजीतला बटाटा, कोबी, चहाबरोबरचा पाव, अंगणातलं घमेलं, ताईच्या वेणीची फीत, ही सगळी मंडळी जहाजातून उतरून, कोकणातून घाट चढून, पार वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत चालत आलेली. आणि तुझ्या बाबांचा पगार! पोर्तुगीजमध्ये 'पागार' हे चक्क क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. आपण त्याचं नाम केलं आणि पहिल्या तारखेला वाटच बघत बसलो.

रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लई नावाचं गाव आहे. तिथे तर आजही घराघरांत पोर्तुगीजमधून जन्मलेली एक बोली बोलतात, भोवती सगळी मराठी असताना. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. तिच्यातही क्रियापदांची ती तीन घराणी आहेत. पण कोर्लईकरांनी मराठीतली क्रियापदंही उचलली. ती आर-एर-ईरमध्ये बसेनात, तेव्हा त्यांनी काय केलं असेल? घराला चौथी खोली बांधली! मराठीतून आलेल्या क्रियापदांचं वेगळं घराणं, शेवटी 'उ'वालं. भाषेच्या अभ्यासकांना या चौथ्या खोलीचं फार कौतुक आहे. मलाही आहे.

सुट्टी संपली. दिघोरीहून दिघोरीला भाचा परत गेला तेव्हा त्याची तीस-बत्तीस क्रियापदं झाली होती. घर भरलं म्हणून त्यानं मंडईचं मैदान आणि नाटकाचा मांडवही वापरायला घेतला होता.

महिन्याभरानं त्याचा फोन आला. घाईत होता. "मामा, सपरीत कोण होतं? खुंटीवर? बोलणारं?"

आणि माझ्या डोक्यात काही येईना! दुसऱ्याला शिकवताना आपला अभ्यास राहून जातो तो असा. मी आपला "अं... अं..." करतोय, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. त्या तीन दिवसांत ती आमच्यामागे चुलीपाशी बसून तांदूळ निवडत होती. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं.

"फाळ बोलते ना गा! फालार! सांग त्याले," आई म्हणाली. मग निवडायचं सूप खाली ठेवून तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "आन मले सांग बापू, ते बेबेरवाली बकरी रांजनातून निंगाली का अजून आतच हाय?"